दूरचा वैद्य आणि जवळचा हात

१९१७ च्या ऑगस्ट महिन्यातील ही हकीकत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील निर्जन प्रदेशात हॉल्स क्रीक नावाचे एक लहानसे गाव आहे. सोन्याच्या लोभाने आलेल्या माणसांनी ते वसविले. सोने लवकरच सरले आणि गाव तेवढे मागे उरले. या गावी एके दिवशी जिमी डार्सी नावाच्या तरुण गुराख्याला त्याच्या माणसांनी कसेबसे आणून पोचविले. गुरे उधळली असता तो घोड्यावरून पडला होता आणि वेदनांनी तळमळत होता. गावात डॉक्टर नव्हता. किनाऱ्यावरील डर्बी व विंडम ही बंदरे त्यातल्या त्यात जवळची. पण तेथील डॉक्टरांशीही संधान जुळेना. गावात तारयंत्र मात्र होते, आणि ते चालविणारा टकेट नावाचा पोस्टमास्तर होता. त्याने पूर्वी पर्थ शहरात प्रथमोपचाराचे धडे घेतले होते. ज्यांच्यापाशी ते घेतले त्या डॉक्टर हॉलंड यांनाच त्याने तार केली.

पर्थ तेथून सरळ रेषेत मोजले तरी सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे. तारेवर प्रश्न आले, तारेवर उत्तरे गेली. मूत्राशय फुटले असावे, ताबडतोब शस्त्रक्रिया करावयास हवी, असा निर्णय हॉलंड यांनी दिला. पोस्टमास्तरापाशी शस्त्र म्हणून खिशातला चाकू होता, आणि जंतुनाशक म्हणून पोटॅशियम परमँगनेट. भूल देण्याची सोय नव्हती. मोर्स लिपीत एकेक सूचना येत गेली आणि टकेटने ती शस्त्रक्रिया तडीस नेली. रोगी वाचला, पण काही दिवसांनी त्याची प्रकृती पुन्हा ढासळू लागली. तेव्हा हॉलंड स्वतः निघाले. गुरे वाहून नेणारे जहाज, मग मोटार आणि शेवटी पायपीट व घोडागाडी असा सुमारे बारा दिवसांचा प्रवास करून ते हॉल्स क्रीकला पोचले, तो डार्सी आदल्या दिवशीच मरण पावला होता. तपासणीअंती दिसून आले ते असे की, टकेटने केलेली शस्त्रक्रिया बिघडलेली नव्हती. डार्सीला हिवताप होता, आणि तारेवरून विचारलेल्या प्रश्नोत्तरांत त्याचा थांग लागला नव्हता.

ही हकीकत ऑस्ट्रेलियाच्या वृत्तपत्रांतून त्या वेळी फार गाजली. दूर बसलेला वैद्य काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, या दोन्ही गोष्टी तीत एकत्र आल्या आहेत. २०२० साली कोविडच्या महामारीने घराघरांची दारे मिटली, आणि जगातील लक्षावधी रोग्यांना आपल्या नेहमीच्या डॉक्टरापुढे बसण्याऐवजी दूरध्वनीच्या तोंडाशी बसावे लागले. महामारी ओसरल्यावर वाद पेटला. डॉक्टरने रोग्याला समक्ष पाहिलेच पाहिजे काय? दुरून दिलेला सल्ला म्हणजे प्रगती, की रोग्याची केलेली बोळवण? हा वाद अगदी नवा आहे असे पुष्कळांना वाटते; परंतु त्याची मुळे दोनअडीचशे वर्षे मागे जातात.

अठराव्या शतकात एडिंबरो येथे विल्यम कलेन नावाचे मोठे नावाजलेले वैद्यकाचार्य होऊन गेले. १७९० मध्ये ते निवर्तले. त्यांच्या दप्तरात रोग्यांसंबंधीचा जो पत्रव्यवहार सापडला तो काही हजारांच्या घरात आहे, आणि तेथील वैद्यांच्या रॉयल कॉलेजाने तो जपून ठेविला आहे. स्कॉटलंडातून, इंग्लंडातून, समुद्रापलीकडील वसाहतींतूनही त्यांना पत्रे येत. झोप कशी लागते, भूक किती आहे, कोठा साफ होतो की नाही, मन उदास असते काय, असा सारा तपशील लिहून पाठवावयाचा आणि कलेनसाहेबांनी उलट टपाली पथ्य, व्यायाम व औषध कळवावयाचे. यांतील कित्येक रोग्यांना त्यांनी जन्मात कधी पाहिले नव्हते. जेम्स वॉट या यंत्रकाराने पत्राची नक्कल उठविणारे जे यंत्र त्या सुमारास काढले, ते कलेन यांनी आपल्या उत्तरांच्या प्रती ठेवण्यासाठी वापरले. दूरवैद्यकाच्या इतिहासातील पहिले यंत्र कोणते, असे कोणी विचारल्यास या यंत्राचे नाव पुढे करण्यास हरकत नाही! कोशकार डॉक्टर जॉन्सन यांच्या अखेरच्या दुखण्यात, १७८४ मध्ये, त्यांचे चरित्रकार बॉस्वेल यांनी एडिंबरोच्या ज्या वैद्यांना पत्रे धाडून सल्ला मागितला, त्यांत कलेन होतेच.

आजच्या वाचकाला हे ऐकून नवल वाटेल. रोग्याला हात न लावता एवढा नामांकित वैद्य औषध देतो कसा? पण त्या काळच्या युरोपातील वैद्य रोग्याच्या अंगाला हात तसा फार लावीतच नसे. त्याचा भर रोग्याच्या तोंडच्या हकीकतीवर असे. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ही पत्रे नेहमी रोगीच लिहीत असे असे नव्हे. पुष्कळदा गावचा शस्त्रवैद्य किंवा औषधविक्या रोग्याच्या उशाशी बसून ती लिही. कलेन यांचे डोळे व हात त्या गावातच होते.

आपल्याकडील वैद्यकाने रोगीपरीक्षेचे तीन प्रकार फार पूर्वी सांगून ठेविले आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वाग्भटाची ही त्रयी आजच्या वादालाही नेमकी लागू पडते. पत्रात प्रश्न तेवढा उरतो. दूरध्वनीतही तोच, फक्त त्याला आवाज असतो. चित्र दाखविणाऱ्या यंत्राने दर्शन थोडेबहुत परत आणले. स्पर्शन मात्र कोणत्याच यंत्राला साधलेले नाही. नाडी पाहणे ही वैद्यपणाची खूण असे आपण समजतो खरे. पण चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत नाडीपरीक्षा अशी आढळत नाही, ती पुढे शार्ङ्गधरसंहितेत येते. म्हणजे वैद्याचा हात रोग्यापर्यंत पोचण्याला आपल्याकडेही वेळ लागलाच.

युरोपात तो पोचला तो मोठ्या मौजेच्या वाटेने. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लेनेक नावाच्या वैद्यापुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. छातीला कान लावून ठोके ऐकण्याची रीत तेव्हा होती. पण तरुण स्त्रीच्या बाबतीत ते शिष्टसंमत नव्हते, शिवाय ती स्थूल होती. लेनेकने कागदांची सुरळी करून तिचे एक टोक तिच्या छातीला व दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट ऐकू आले. त्या सुरळीची पुढे लाकडी नळी झाली आणि त्या नळीचा आजचा स्टेथोस्कोप झाला. जे यंत्र आज डॉक्टरच्या जवळिकीचे चिन्ह म्हणून त्याच्या गळ्यात लटकत असते, ते मुळात वैद्याचा कान रोग्यापासून हातभर दूर ठेवण्यासाठी जन्माला आले! त्यानंतरच्या शंभर वर्षांत ठोकून पाहणे, दाबून पाहणे, ऐकणे यांचे शास्त्र बनले, आणि अंग तपासल्याशिवाय निदान नाही हा दंडक रूढ झाला.

हा दंडक हिंदुस्थानात आला तेव्हा त्याची गाठ एका अवघड प्रश्नाशी पडली. येथील स्त्रिया परपुरुषाला नाडीसुद्धा दाखवीत नसत. पडद्याआडच्या बेगमेच्या मनगटाला दोरा बांधून दुसऱ्या टोकाशी हकिमाने नाडी ओळखल्याच्या कथा सांगतात. त्यांतील चमत्कार सोडून दिला, तरी त्यांच्यामागील अडचण खरी होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांचे मूल जन्मल्यानंतर दहा दिवसांत गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. १८८३ मध्ये श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपण अमेरिकेस का जातो याची कारणे सांगितली, त्यांत हिंदुस्थानाला स्त्रीवैद्यांची फार गरज आहे हे पहिल्याने सांगितले. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन त्या परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील जागा त्यांना देऊ करण्यात आली होती. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांना इतक्या दूर धाडणारा प्रश्न हात कोणाचा हाच होता. जवळ असलेला डॉक्टरसुद्धा पडद्यामुळे दूर होता.

आणि हात जवळ आला म्हणजे तो दिलासा देणाराच असतो असेही नाही. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिज्वराची साथ उद्भवली, ती पुढे पुणे, सातारा व कर्नाटकाकडे पसरली. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. आगगाडीच्या स्थानकांवर उतारूंना उतरवून त्यांच्या काखा-जांघा चाचपण्यात येऊ लागल्या. पुण्यात गोरे शिपाई घरांत घुसून रोगी शोधू लागले. लोकांनी त्या तपासणीचा धसका प्लेगाहून अधिक घेतला. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, तीत त्यांचा अंत झाला, आणि त्याचे जे परिणाम झाले ते महाराष्ट्राच्या इतिहासात नमूद आहेतच. तोच १८९७ चा कायदा २०२० च्या मार्चमध्ये कोविडसाठी पुन्हा बाहेर काढण्यात आला. सव्वाशे वर्षांपूर्वी लोक डॉक्टरच्या हातापासून पळत होते. या वेळी त्यांना तो हात हवा होता आणि मिळत नव्हता.

आता यंत्रांकडे वळू. बेल यांनी १८७६ मध्ये दूरध्वनीचे एकस्व मिळविले, आणि तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकपत्रात एक बातमी आली. मध्यरात्री एका घरात मूल खोकत होते; त्याला घशाचा घातक विकार तर नाही ना, या भयाने घरची माणसे गांगरली होती. डॉक्टरांनी मुलाला दूरध्वनीपाशी धरावयास सांगितले, खोकला ऐकला आणि तो विकार हा नव्हे असे सांगून सर्वांना झोपी जाण्याचा सल्ला दिला. मूल बरे झाले. कान तरबेज असेल आणि दुखणे आवाजात उतरणारे असेल, तर दूरध्वनी पुरेसा होतो हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. दुखणे आवाजात न उतरणारे असले म्हणजे काय होते, तेही डार्सीच्या हिवतापाने दाखवून दिले.

डार्सीच्या मृत्यूचा सल ज्यांच्या मनात राहिला त्यांपैकी एक जॉन फ्लिन नावाचे धर्मोपदेशक होते. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेकडो मैलांच्या अंतराने पसरलेल्या गुरांच्या वाड्यांवरील माणसांसाठी काहीतरी केले पाहिजे, या विचाराने ते झपाटलेले होते. १९१७ मध्येच क्लिफर्ड पील नावाच्या एका तरुण वैमानिकाने त्यांना पत्र लिहून विमानाची कल्पना सुचविली होती. तो तरुण पुढे महायुद्धात पडला. १९२८ च्या मे महिन्यात क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून फ्लिन यांचा पहिला ‘उडता डॉक्टर’ आकाशात गेला. पहिल्या वर्षात पन्नास उड्डाणे झाली आणि सव्वादोनशे रोग्यांवर उपचार झाले.

परंतु विमान बोलवावयाचे कसे? वाड्यांवर तार नव्हती, वीज नव्हती. आल्फ्रेड ट्रेगर नावाच्या कारागिराने त्यावर १९२९ च्या सुमारास उपाय काढला. पायाने पायटे मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच त्याने तयार केला. शिवणाचे यंत्र चालवावे तशी घरची बाई पाय हलवी आणि डॉक्टरशी बोले. पुढे प्रत्येक वाडीवर औषधांची एक ठरावीक पेटी ठेवण्यात आली. पेटीतील प्रत्येक औषधाला क्रमांक होता. मानवी देहाचा एक नकाशा छापून वाटला गेला, त्यावरही अवयवांना क्रमांक दिलेले होते. दुखते कोठे ते बाईने क्रमांकाने सांगावयाचे आणि डॉक्टरने औषधही क्रमांकाने सांगावयाचे. नऊ नंबरचे औषध संपले म्हणून कोणी चार आणि पाच नंबरची औषधे मिसळून दिल्याचा विनोद तिकडे अजून सांगतात.

या व्यवस्थेचा बारकाईने विचार केला, तर तिची खरी हुशारी विमानात किंवा बिनतारी यंत्रात नव्हती असे दिसून येते. डॉक्टर दूर होता. पण रोग्याजवळ एक शिकवून तयार केलेले माणूस होते, त्याच्या हाताशी पेटी होती आणि शब्दांनी भागले नाही तर विमान येणार होते. या तिन्हींपैकी एक जरी काढून घेतले असते, तरी उरलेल्या यंत्राने नुसते बोलणे वाढविले असते.

हा दाखला समोर ठेवून २०२० नंतरच्या इंग्लंडकडे पाहावे. तेथे १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे, आणि प्रत्येक नागरिकाचे नाव आपल्या भागातील सामान्य वैद्याच्या दवाखान्यात नोंदलेले असते. महामारीपूर्वी त्या दवाखान्यांतील दर पाच भेटींपैकी सुमारे चार समक्ष होत. २०२० च्या मार्चमध्ये, रोग्याशी आधी दुरून बोलावे आणि आवश्यक वाटल्यासच त्याला बोलवावे, असा हुकूम निघाला. एप्रिलमध्ये समक्ष भेटींचे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. संसर्ग टाळण्यासाठी ते योग्यच होते, त्यावर वादही झाला नाही. वाद झाला तो पुढच्या पावलावर. त्या वर्षीच्या जुलैअखेर तेथील आरोग्यमंत्री मॅट हँकॉक यांनी, यापुढे सबळ वैद्यकीय कारण नसेल तर सल्ला दुरूनच दिला जावा, अशा आशयाचे भाषण केले. आणीबाणीतील सोय हीच नित्याची रीत व्हावी असे त्यांचे म्हणणे होते. वर्ष उलटते न उलटते तोच सूर बदलला. मे २०२१ मध्ये आरोग्यसेवेने दवाखान्यांना पत्र पाठवून, ज्याला समक्ष भेट हवी असेल त्याच्या इच्छेचा मान राखावा, असे बजावले. वृत्तपत्रांनी डॉक्टरांवर कोरडे ओढले. दवाखान्याची दारे बंद आणि डॉक्टर घरी स्वस्थ, असे चित्र रंगविले गेले.

हे चित्र अन्यायाचे होते. डॉक्टर स्वस्थ नव्हते. सकाळपासून रात्रीपर्यंत ते दूरध्वनीवर होते आणि त्यांची संख्या कामाच्या मानाने अपुरी होती. पण रोग्यांच्या तक्रारीतही तथ्य होते. २०२३ मध्ये तिकडील संशोधकांनी दुरून घेतलेल्या सल्ल्यात काहीतरी चुकल्याच्या पंचाण्णव घटना तपासून एक अभ्यास प्रसिद्ध केला. अशा घटना एकंदरीत विरळ आहेत असे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. परंतु ज्या घडल्या त्यांतील काही प्राणावर बेतल्या होत्या. निदान हुकले होते, किंवा दुखण्याची गंभीरता ओळखली गेली नव्हती. कोठे संभाषण घाईत उरकले होते, कोठे रोगी कानाने अधू होता, कोठे त्याला डॉक्टरची भाषा नीट येत नव्हती. एरवी डॉक्टर ज्या गोष्टी न विचारताच टिपतो, म्हणजे रोगी खोलीत चालत कसा आला, त्याच्या ओठांचा रंग कसा आहे, बोलताना त्याला मध्येच दम घ्यावा लागतो काय, त्या सगळ्या शब्दांत सांगाव्या लागत होत्या, आणि ज्याला आपले दुखणे शब्दांत मांडता येत नाही त्याची गाडी तेथेच अडत होती. वेल्समधील कोळशाच्या खाणीच्या गावी आयुष्य घालविलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच एक कटू नियम मांडून ठेविला होता: ज्यांना चांगल्या वैद्यकाची गरज सर्वांत जास्त, त्यांनाच ते सर्वांत कमी मिळते. दूरध्वनीने हा नियम मोडला नाही. ज्याच्या घरी निवांत खोली, चांगले यंत्र आणि बोलण्याचा सराव, त्याची सोय झाली, हेही खरेच आहे. नोकरीची रजा न घेता त्याला औषध मिळू लागले आणि तो परत रांगेत बसावयास तयार नाही.

या भांडणात एक मुद्दा मागे पडला. पाठीचे जुने दुखणे असलेला मनुष्य वीस वर्षे ओळख असलेल्या आपल्या डॉक्टरशी दूरध्वनीवर दोन मिनिटे बोलतो, आणि तोच मनुष्य एखाद्या अनोळखी डॉक्टरपुढे दहा मिनिटे समक्ष बसतो. यांत अधिक जवळची भेट कोणती? नॉर्वेतील संशोधकांनी जवळजवळ सगळ्या देशाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच कुटुंबवैद्य असलेल्या लोकांत, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या मानाने, मृत्यूचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने कमी आढळले. नुसत्या ओळखीने मरण टळते असे यावरून म्हणता यावयाचे नाही. पण ज्याच्या आवाजातील फरक डॉक्टरला कळतो, त्याला तार, पत्र, दूरध्वनी सगळेच अधिक मानवते, यात शंका नाही. आपल्याकडे ‘घरचा डॉक्टर’ हा जो शब्द होता, त्याचा अर्थ हाच होता.

हिंदुस्थानातील प्रश्नाचे रूप निराळे आहे. इंग्लंडात होता तो डॉक्टर दूर गेला. येथील खेड्यात तो मुळातच दूर होता. भोर समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांची योजना मांडली, त्यानंतर केंद्रे उभी राहिली, पण तेथे डॉक्टर टिकणे ही गोष्ट अवघडच राहिली. उपग्रहाच्या साह्याने खेड्यातील रोगी शहरातील तज्ज्ञाला दाखविण्याचे प्रयोग या शतकाच्या आरंभी झाले. हैदराबादेतून २००७ मध्ये १०४ क्रमांकावर आरोग्यविषयक सल्ला देण्याची सेवा सुरू झाली. तथापि दुरून औषध लिहून देणे कायद्याला धरून आहे की नाही, हे कोणी स्पष्ट सांगितलेले नव्हते. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे कोकणातील एक प्रकरण आले. प्रसूत झालेल्या एका स्त्रीवर, डॉक्टर गावात नसताना, दूरध्वनीवरून सांगून उपचार झाले होते आणि ती स्त्री दगावली होती. रोग्याची तपासणी न करता औषध सांगणे हा गंभीर निष्काळजीपणा होय, असे न्यायालयाने म्हटले व डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर दूरध्वनीवर सल्ला द्यावा की नाही, या चिंतेने देशातील डॉक्टर ग्रस्त झाले.

ही कोंडी महामारीने फोडली. देशभर टाळेबंदी सुरू झाली तो दिवस २५ मार्च २०२०. त्याच दिवशी दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले. दुरून सल्ला द्यावा की रोग्याला समक्ष बोलवावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या नियमांनी डॉक्टरला दिला, आणि ठरविण्याची जबाबदारीही त्याच्यावरच टाकली. कोणती औषधे दूरध्वनीवर सांगता येतील, कोणत्यांसाठी प्रथम रोग्याचे दर्शन हवे आणि कोणती मुळीच सांगता यावयाची नाहीत, त्याच्या याद्या ठरल्या. आणीबाणीत प्रथमोपचार सांगून रोग्याला रुग्णालयाकडे धाडावे, असे त्यांत आहे. रोग्याला तपासून त्याची हकीकत डॉक्टरपुढे मांडणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यालाही नियमांत जागा आहे. कलेनसाहेबांना पत्रे लिहिणारा गावचा शस्त्रवैद्य अडीचशे वर्षांनी असा सरकारी कागदावर आला.

ई-संजीवनी नावाच्या सरकारी सेवेत ही दोन्ही रूपे शेजारीशेजारी पाहावयास मिळतात. तिची पहिली शाखा महामारीपूर्वी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, निघाली. तीत रोगी आपल्या उपकेंद्रात जातो. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब, ताप, साखर पाहते आणि पडद्यावर डॉक्टरला जोडून देते. दुसरी शाखा १३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, जन्मली. तीत रोगी घरूनच थेट डॉक्टरशी बोलतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत एकंदर दहा कोटी सल्ले दिले गेले, आणि एक लाखाहून अधिक आरोग्य केंद्रे या जाळ्यात आली. यांतील बहुतांश सल्ले उपकेंद्राच्या वाटेने गेले, घरच्या वाटेने नव्हे. २०२३ पासून या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव मिळाले आहे.

बेळगाव-खानापूरकडच्या एखाद्या खेड्यातील म्हातारी अशा केंद्रात बसली आहे अशी कल्पना करावी. तिची भाषा मराठी, पडद्यावरील डॉक्टरची कानडी. ‘पोटात कालवतंय’ म्हणजे नक्की काय होते, हे डॉक्टरला सांगावयाचे कोणी? ते काम केंद्रातील बाई करते. म्हातारीच्या पोटावर हात ठेवून कोठे दुखते ते तीच पाहते, गोळ्या तीच मोजून देते, आणि आठ दिवसांनी म्हातारी बाजारात भेटली म्हणजे विचारपूसही तीच करते. पडद्यावर आज दिसलेला डॉक्टर पुढच्या खेपेला दिसेलच याची शाश्वती नाही. केंद्रातील बाई मात्र तीच असते, तिची बदली झाली नाही तर. तिला किती शिकविले, तिच्या पेटीत औषधे भरलेली आहेत काय आणि तिचे मत डॉक्टर कितपत ऐकून घेतो, यावर त्या दहा कोटींच्या आकड्याचे मोल ठरावयाचे आहे. सरकारी अहवालांत सल्ल्यांची संख्या मोठ्या टाइपात छापलेली असते. या बाईसंबंधी एखादा परिच्छेद असला तर असतो.

आणि शब्दांनी भागले नाही तर? फ्लिन यांच्या व्यवस्थेत त्या क्षणी विमान सुटे. आपल्याकडे त्या जागी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. हैदराबादेत ती २००५ मध्ये आणि महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. पडद्यावरील डॉक्टरने म्हातारीचे पोट दुखणे ओळखले, तिला ताबडतोब तालुक्याला हलवावयास सांगितले आणि पडदा विझला, की तेथून पुढे सारा भरवसा त्या गाडीवर. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना ती वाडीपर्यंत येते की सडकेवरच थांबते, हे केंद्रातील बाईला आधीच ठाऊक असते. ती बहुधा कोणाच्या तरी जीपगाडीची चौकशी करावयास निघालेली असते.